आधी यादीत नाव घाल, मग बोलू

अगं पोरी,

काल तुझा मेसेज वाचला आणि रात्रभर डोक्यात तेच. तिथे ब्रिटनमध्ये तुझ्या घरमालकीण आजी पंचाहत्तरीच्या, तुला सूप आणून देतात आणि मत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला देतात. युनिव्हर्सिटीतली पोरं सगळी लेबर नाहीतर ग्रीन पक्षाची, आणि म्हणतात म्हाताऱ्यांनी आमचं वाटोळं केलं. मग मावशी मी कुणाच्या बाजूची, असं विचारतेस. अगं पण मतदार यादीत नाव आहे का तुझं?

फरक आहेच. 2019 च्या निवडणुकीनंतर यूगव्ह या सर्व्हे कंपनीने मोजलं तर 18 ते 24 मधले 56 टक्के लेबरकडे, सत्तरीपुढचे 67 टक्के कॉन्झर्व्हेटिव्हकडे, आणि वयाच्या 39 च्या आसपास काटा लेबरकडून कॉन्झर्व्हेटिव्हकडे फिरत होता. आजींचं घर स्वतःचं, पेन्शन दरवर्षी वाढते, तू भाडं भरतेस, मग दोघींचं मत वेगळं पडणारच, त्यात वाईट कोण? राग धरायचाच तर याचा धर की आजी भर पावसात मत द्यायला जातात आणि तुझी युनिव्हर्सिटीतली पोरं झोपतात. 2012 ला युनिव्हर्सिटीची फी 9,000 पौंडांपर्यंत गेली ती गेलीच, आणि 2024 ला बहुतेक पेन्शनरांचा हिवाळी भत्ता काढला तर वर्षाच्या आत सरकार बरंचसं मागे आलं. कुणाला घाबरतात कळलं? नाव घाल.

आणि "मी दोन वर्षांची पाहुणी" हे मला सांगूच नकोस. 2016 ला, ब्रेक्झिटचं म्हणजे युरोपियन युनियन सोडायचं मतदान होतं तेव्हा, मीपण हेच म्हणायचे. यादीत नाव घालायचं कौन्सिलचं पत्र किचनच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. इंग्लंडमधल्या स्विंडनची माझी गोंयकार मैत्रीण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली, ब्रेक्झिटने तिचंच आयुष्य हलणार होतं आणि तिला मत नव्हतं. मला होतं! भारतीय पासपोर्ट म्हणजे कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, आणि तो इथे राहत असला तर त्याला मत असतं, तुलाही आहे. माझ्या नाइट शिफ्ट होत्या, मुलगा लहान होता, एका मताने 52-48 चा निकाल काही फिरला नसता, सगळं खरं, पण सकाळी तिचा फोन आला तेव्हा मला बोलता येईना.

लेबर, ग्रीन, आजींचा पक्ष, कुणालाही दे, मी विचारणार नाही. नाव घाल, ऑनलाइन पाच मिनिटं लागतात. आणि हो, 2023 पासून मत द्यायला फोटोचं ओळखपत्र लागतं, आजींचा बसपास चालतो, तुझं स्टुडंट कार्ड चालत नाही, तेव्हा पासपोर्ट ने. रविवारी फोन करते.

मावशी