२३ मतं, १० खासदार आणि किमान एक बाई

प्रश्न : एप्रिल २०२५मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या नेतृत्वाखाली आपलं संसदीय शिष्टमंडळ ताश्कंदला गेल्याचं वाचलं. पुढच्याच महिन्यात सर्वपक्षीय खासदारांची शिष्टमंडळं देशोदेशी फिरून आली. ही दोन्ही प्रकरणं एकच का? आणि ताई, तुम्ही संसदेच्या सचिवालयात नोकरी केलेली आहे म्हणून स्पष्टच विचारतो. या परिषदांत काही काम होतं, की नुसते फोटो आणि खरेदी?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, विटा

उत्तर : सर, खरेदीचं आधी सांगून टाकते. होते. ताश्कंदला जाऊन सुकामेवा न आणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण तेवढ्यावरून सगळं मोडीत काढू नका.

तुम्ही म्हणता ती दोन्ही शिष्टमंडळं दिसायला सारखी असली तरी जातकुळी वेगळी. मे २०२५मध्ये गेली ती ७ शिष्टमंडळं सरकारने पाठवली होती. पहलगामचा हल्ला आणि ऑपरेशन सिंदूर यानंतर भारताची बाजू परदेशात मांडायची, एवढं नेमकं काम त्यांना दिलेलं होतं. त्यातल्या एकाचं नेतृत्व सुप्रिया सुळे यांच्याकडे, एकाचं श्रीकांत शिंदे यांच्याकडे होतं. खासदार गेले खरे, पण सरकारचे दूत म्हणून गेले. ही पद्धत जुनीच. १९९४मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगापुढे जायची वेळ आली, तेव्हा पंतप्रधान नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयींकडे दिलं होतं.

ताश्कंदला होतं ते आंतर-संसदीय संघाचं, म्हणजे देशोदेशीच्या संसदांच्या संघटनेचं, १५०वं अधिवेशन. तिथलं आमंत्रण सरकारला नसतं, संसदेला असतं. परराष्ट्र खात्याकडून माहिती आणि सल्ला येतो, राजदूत मदतीला असतात, पण खुर्चीवर बसतो तो खासदार. कोण जाणार हे लोकसभेचे अध्यक्ष राज्यसभेच्या सभापतींशी बोलून ठरवतात. पक्षांचा समतोल साधतात, त्यामुळे विरोधी बाकांवरचेही असतात. नेतृत्व बहुधा अध्यक्षांकडे, त्यांना जमलं नाही तर राज्यसभेच्या उपसभापतींकडे.

हा संघ सुरू झाला तो पॅरिसमध्ये, जून १८८९मध्ये. त्यामागे दोन माणसं होती. एक इंग्लंडचे विल्यम रँडल क्रेमर. मूळचे सुतार, कामगार चळवळीतून वर आलेले खासदार. दुसरे फ्रान्सचे अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक पासी. देशांमधली भांडणं युद्धाने नव्हे, लवादाने मिटवावीत आणि ते सरकारांच्या गळी उतरवायचं काम खासदारांनी करावं, ही त्यांची कल्पना. पासींना १९०१चं, म्हणजे पहिलंच शांततेचं नोबेल मिळालं (रेड क्रॉसवाल्या हेन्री द्युनाँ यांच्याबरोबर वाटून). क्रेमरना १९०३मध्ये मिळालं. बक्षिसाची बहुतेक रक्कम या सुताराने लवादाच्या चळवळीला देऊन टाकली. त्यानंतर युरोपात दोन महायुद्धं झाली ती झालीच. तरी संघ टिकला, जिनिव्हात स्थिरावला आणि आज जगातल्या बहुतेक संसदा त्यात आहेत. अमेरिकेची काँग्रेस मात्र १९९०च्या दशकाच्या शेवटी बाहेर पडली ती परत आलेली नाही.

आपल्याकडे यासाठी ‘भारतीय संसदीय गट’ आहे, १९४९पासून. त्या वेळी गटाच्या अध्यक्षपदी दादासाहेब मावळंकर होते, तेच पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. घराणं रत्नागिरीकडच्या मावळंगे गावचं, कर्मभूमी अहमदाबाद. लोकसभेचा अध्यक्ष तोच या गटाचाही अध्यक्ष, ही प्रथा तेव्हापासून चालत आली आहे. १९९३मध्ये संघाची परिषद दिल्लीत भरली, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील होते. मी त्या वेळी कनिष्ठ अधिकारी होते. माझ्या वाट्याला आलं होतं ते पाहुण्यांचे बिल्ले आणि गाड्यांची यादी. कुठला पाहुणा कुठल्या हॉटेलात आणि कुणाचं विमान मध्यरात्री उतरतंय, याचे कागद घेऊन फिरायचं. बरं, दोन शेजारी देशांचं आपसात पटत नसेल तर त्यांना एका गाडीत बसवायचं नाही, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं. ते आपणच ओळखायचं.

आता काम. मोठ्या सभागृहातली भाषणं तुम्ही यूट्यूबवर पाहिलीत तर तुमचं मत आणखी वाईट होईल. मोजकी मिनिटं मिळतात, माणूस कागद वाचतो, टाळ्या पडतात, पुढचा येतो. सगळं व्यवस्थित आणि कंटाळवाणं. खरं काम होतं ते स्थायी समित्यांत आणि मसुदा समितीत. ठरावाचा मसुदा आधी सगळ्या संसदांकडे जातो, दुरुस्त्या मागवल्या जातात आणि मग लहानशा खोलीत प्रत्येक परिच्छेदावर ओढाताण होते. तिथे आपला खासदार तयारीने बसला तर चार ओळी आपल्या मनासारख्या होतात. नाही बसला तर इतरांच्या होतात.

त्यासाठी आम्ही फोल्डर बनवायचो. प्रत्येक विषयावर एक टिपण, मसुद्यातल्या अडचणीच्या जागी पेन्सिलीची खूण, मागच्या अधिवेशनात आपण काय म्हटलं होतं त्याची नक्कल आणि शेवटी कोणत्या देशाच्या शिष्टमंडळाला वेगळं भेटायचं त्याची वेळ. काही खासदार विमानात बसल्याबरोबर फोल्डर उघडायचे आणि उतरेपर्यंत प्रश्नांनी आम्हाला भंडावून सोडायचे. काहींचं फोल्डर दिल्लीला परत आलं तेव्हाही त्याची टाचणी हललेली नसायची. पक्षाशी त्याचा काही संबंध नसायचा, हे मी शपथेवर सांगेन.

ठराव बंधनकारक नसतात. कुठलंही सरकार त्यामुळे तुरुंगात जात नाही. मग उपयोग काय? माझ्या मते सगळ्यात उपयोगी समिती ती, जिचे फोटो येत नाहीत. खासदारांच्या मानवी हक्कांची ही समिती १९७६पासून आहे आणि बंद दाराआड बसते. एखाद्या देशात खासदारालाच अटक झाली, मारहाण झाली, खासदारकी हिसकावली गेली, तर तक्रार हिच्याकडे येते. आपल्याच बिरादरीतले लोक जाब विचारायला लागले की त्या देशाच्या शिष्टमंडळाला निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

तुमच्या खासदाराची कधी निवड झाली तर त्याला फोटो मागू नका. कुठल्या समितीत बसलात आणि कुठली दुरुस्ती मांडलीत, एवढं विचारा. खर्च आपल्या संसदेचा म्हणजे आपलाच असतो, तेव्हा विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक देश, एक मत असतं. आंतर-संसदीय संघातही तसंच का? स्पर्धा परीक्षेच्या एका वर्गात सरांनी तसं सांगितलं, पण मैत्रीण म्हणते वेगळं असतं.
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : मैत्रिणीचं ऐक. इथला हिशेब निराळा आणि मला विचारशील तर फार मजेदार आहे.

प्रत्येक संसदेला आधी १० मतं मिळतात. मग लोकसंख्येप्रमाणे वाढीव मतं. १० लाखांच्या वर १, आणि असं चढत चढत ३० कोटींच्या वर १३. म्हणजे भारताची मतं २३, चीनचीही २३. १० लाखांहून कमी वस्तीच्या भूतानची १०. आपण भूतानच्या हजारपटीहून जास्त, पण मतं अडीचपटही नाहीत. लहान देश चिरडला जाऊ नये आणि मोठाही रुसू नये, असा सौदा आहे हा.

पुढची मेख बघ. एका खासदाराला १०हून जास्त मतं टाकता येत नाहीत. म्हणजे भारताची २३ मतं पडायची तर सभागृहात किमान तीन खासदार हवेत. तिसरा चहाला गेलेला असेल तर तीन मतं वाया! मतदानाच्या आधी सचिवालयाचे लोक उपाहारगृहाच्या दिशेने धावताना दिसले तर समजून जायचं.

शिवाय मतं फोडता येतात. शिष्टमंडळात वेगवेगळ्या पक्षांचे लोक असणार हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरलं आहे, त्यामुळे काही मतं बाजूने, काही विरोधात, काही तटस्थ असं चालतं. निकालाचा तक्ता छापून येतो, त्यात देशाच्या नावापुढे तीन रकाने असतात. मला तो तक्ता वाचायला भाषणांपेक्षा जास्त आवडायचा. काही देशांची मतं सरळ दोन रकान्यांत वाटलेली असतात आणि त्या देशात आत काय धुमसतंय ते एका ओळीत कळतं. देशाबाहेर एका सुरात बोलावं असा आपल्याकडचा संकेत आहे. तो चांगला की वाईट, यावर सचिवालयात आमचे दोन तट होते. मी संकेताच्या बाजूची नव्हते.

महिलांचा नियम तर परीक्षेत विचारावा असाच आहे. लागोपाठ तीन अधिवेशनांना एखाद्या संसदेने फक्त पुरुष पाठवले (किंवा फक्त बायका, नियम दोन्हींना लागू), तर त्या शिष्टमंडळातला एक माणूस कमी होतो आणि मूळच्या १० मतांची ८ होतात. आपल्यासारख्या देशाला वर्षातल्या पहिल्या अधिवेशनाला १० प्रतिनिधी नेता येतात, दुसऱ्याला ७. १० कोटींहून लहान देशांना ८ आणि ५. त्यातला एक गेला की चटका बसतो. भाषणं देऊन जे झालं नसतं ते खुर्ची काढून घेण्याच्या धाकाने होतं. नुसतंच शेवटच्या क्षणी कुणा बाईंना यादीत घुसडण्याचे प्रकारही त्यामुळे होतात, नाही असं नाही. पण एकदा आत आलेली बाई गप्प बसेलच असं कुणी सांगावं? १९९९मध्ये याच संघाच्या परिषदेच्या अध्यक्षपदी निवडून आलेली पहिली महिला म्हणजे नजमा हेपतुल्ला, आणि त्या वेळी त्या राज्यसभेत महाराष्ट्रातून गेलेल्या होत्या. हे तुझ्या सरांनाही सांग.

आणखी एक. प्रत्येक अधिवेशनात ‘तातडीचा विषय’ एकच घेता येतो आणि तो घेण्यासाठी पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश लागतात. ऑक्टोबर २०२३मध्ये अंगोलाच्या लुआंडा शहरात अधिवेशन भरलं तेव्हा गाझाचं युद्ध नुकतंच पेटलं होतं. पॅलेस्टाईनची संसद २००८पासून या संघात पूर्ण सदस्य आहे, इस्रायलची तर आधीपासूनच आहे. परस्परांना छेद देणारे प्रस्ताव आले आणि एकालाही दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. तातडीचा विषय म्हणून काहीच घेतलं गेलं नाही. जगात सगळ्यात तातडीचं जे चाललं होतं, त्याचीच जागा रिकामी राहिली.

प्रश्न : हे सगळं खासदारांचं झालं. आमच्या गोव्याचा आमदार अशा परिषदेला जाऊ शकतो का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आंतर-संसदीय संघात नाही. तिथे देशाची संसदच लागते. पण राष्ट्रकुल संसदीय संघटनेत जाऊ शकतो. ती १९११ची, तेव्हा नावात ‘एम्पायर’ होतं, ते पुढे गळलं. तिची शाखा दिल्लीत आहे तशी राज्यांच्या विधिमंडळांतही आहे. त्यामुळे पणजीचीही आहे आणि मुंबईचीही. ४० जणांची विधानसभा असो की २८८ची, शाखा ती शाखा. तिच्या नकाशात भारत हा स्वतंत्र विभाग आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये तिची ६८वी परिषद बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला झाली, तेव्हा लोकसभा अध्यक्षांबरोबर राज्यांच्या विधिमंडळांचे पीठासीन अधिकारीही होते. त्याआधी सप्टेंबरमध्ये भारत विभागाची परिषद बेंगळुरूला झाली होती. तुमच्या आमदाराला बार्बाडोस लांब वाटत असेल तर बेंगळुरू म्हापशाहून रात्रीच्या बसने गाठता येतं.