बिल्डर म्हणतो नव्या तारखेवर सही करा, काय करू?

प्रश्न : नागपूरच्या बेसा भागात 42 लाखाचा टू बीएचके घेतला. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट फेब्रुवारी 2022 चं, ताबा डिसेंबर 2023 ला असं त्यात लिहिलेलं आहे. 36 लाख देऊन झाले. बिल्डिंग उभी आहे पण लिफ्ट नाही, ओसी (राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला) नाही. बिल्डर कोरोनाचं कारण सांगून राहिला अन् आता नव्या तारखेच्या कागदावर सही मागतो. भाडं आणि हप्ता दोन्ही भरून जीव मेटाकुटीला आला. जावई म्हणतात कंझ्युमर कोर्टात जा, शेजारचे म्हणतात पोलिसात. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : काका, त्या कागदावर सही करू नका, बाकीचं नंतर. सही केली की बिल्डर उद्या म्हणेल, तारीख तर यांनीच मान्य केली होती, मग उशीर कसला. आणि कोरोनाचं म्हणाल तर तुमचं अ‍ॅग्रीमेंटच 2022 चं आहे, म्हणजे पहिल्या दोन लाटा बघून झाल्यावर त्यानेच ही तारीख टाकली ना! महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर त्याने प्रोजेक्टची मुदत वाढवून घेतली असेल तरी घाबरू नका, मुंबई हायकोर्टाने 2017 मध्येच सांगितलंय की उशीर अ‍ॅग्रीमेंटमधल्या तारखेपासूनच मोजायचा.

आता घर पाहिजे की पैसे, हे घरी बसून आधी ठरवा. रेरा कायद्याच्या कलम 18 मध्ये दोन्ही आहे. पैसे व्याजासकट परत मागता येतात, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं, दर स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा मूळ दर) अधिक 2 टक्के. माझं मत विचाराल तर बिल्डिंग उभी आहे, फक्त लिफ्ट-ओसी अडलंय, तर घर सोडू नका, तेवढ्या पैशात त्या भागात आज दुसरं मिळेल का ते तुम्हीच बघा. काम ठप्प असतं तर मी पैसेच मागा म्हटलं असतं.

महारेरात तक्रार ऑनलाइन होते, फी 5000 रुपये. जावयांचंही चूक नाही, दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असली तर जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे कंझ्युमर कोर्टात, जाता येतं, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये दोन्ही दरवाजे उघडे ठेवलेत, पण एकच निवडा, आणि आयोगात तक्रार 2 वर्षांच्या आत करायची या मुदतीचा मुद्दा निघतो म्हणून तुमच्यासाठी मी रेराच म्हणेन. पोलिसात गेल्याने लिफ्ट बसत नाही हो, तोच फ्लॅट दोघांना विकला वगैरे असेल तर गोष्ट वेगळी.

एक कडू गोष्ट सांगून ठेवतो, ऑर्डर मिळाली म्हणजे पैसे मिळाले असं नाही. बिल्डरने नाही दिले तर वसुली वॉरंट कलेक्टरकडे जातं, तिथे शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली होते, आणि त्यात बराच वेळ जातो, मागे लागावं लागतं. तोवर बँकेचा हप्ता थांबवू नका, सिबिल तुमचाच खराब होतो.

प्रश्न : कामठी रोडला ले-आउटमध्ये प्लॉट, 30 टक्के रक्कम दिली, हातात फक्त पावती. ते म्हणतात आरएल (प्लॉटचं रिलीज लेटर) नंतर काढून देतो. (एक वाचक, जरीपटका)

उत्तर : आता एक रुपयाही देऊ नका. रजिस्टर्ड करारनामा न करता 10 टक्क्यांवर पैसे घेताच येत नाहीत, रेराचं कलम 13. जागा 500 चौरस मीटरच्या वर असेल तर ले-आउटला रेरा नंबर लागतो, तो नंबर नसेल तरी महारेरात तक्रार करता येते. आधी लेखी पत्र पाठवून करारनामा मागा, रजिस्टर्ड पोस्टाने, आणि पोचपावती जपून ठेवा.