नगरच्या अमेरिकन मिशनरी कुटुंबांचं रोजचं जगणं कसं होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून मुंबई-नगरकडे आलेली मिशनरी कुटुंबं दिवसभर करायची तरी काय? नुसता धर्मप्रचार, की आणखी काही? आणि त्यांच्या मुलाबाळांचं पुढे काय व्हायचं?

उपदेशाला दिवसातला थोडाच वेळ मिळायचा. बाकीचा वेळ मराठी शिकण्यात, शाळा चालवण्यात, औषधं वाटण्यात, बोस्टनच्या मुख्य कचेरीला अहवाल आणि हिशेब पाठवण्यात जायचा, आणि घरातल्या आजारपणातही फार जायचा. यातलं कितीतरी काम घरातली बाई करायची. अहवालात ती ‘मिसेस अमुक’ म्हणून एका ओळीत येते. म्हणून खाली मी तिच्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे.

मी नगरचा (आताचं अहिल्यानगर). आमचं घर तीन पिढ्या इथल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) आहे, आणि मिशनचे जुने अहवाल वाचायचा मला नाद आहे. त्यामुळे जिव्हाळ्याने लिहितोय हे आधीच सांगतो. पण जिव्हाळा आहे म्हणून खटकलेलं लपवणार नाही.

आधी येण्याबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावरून कळतं. अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था १८१० मध्ये स्थापन झाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झालेलं. त्यांना परत जाण्याचा हुकूम निघाला. बरेच अर्जविनंत्या झाल्यावर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना राहू दिलं. त्यांच्याच तुकडीतली हॅरिएट नेवेल मात्र मुंबईला पोहोचलीच नाही. कलकत्त्याला तिला आणि तिच्या नवऱ्याला थारा मिळाला नाही, म्हणून ते मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावर तिची मुलगी जन्मली आणि गेली, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसला हॅरिएटही गेली. वय १९. तिचा नवरा सॅम्युएल नेवेल पुढे एकटाच मुंबईत आला, काम करत राहिला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला.

सुएझचा कालवा १८६९ मधला. त्याआधी बोस्टनहून मुंबईपर्यंतचा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून, शिडाच्या जहाजातून, चार-पाच महिन्यांचा. आईला पत्र लिहिलं तर उत्तर यायला वर्ष उलटायचं. ‘बाळ आजारी आहे, प्रार्थना करा’ असं लिहिलेलं पत्र माहेरी पोहोचेपर्यंत बाळाचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. ही पत्रं वाचताना माझं मन सगळ्यात जास्त इथेच अडतं.

आता रोजचा दिवस. पहाटे उठणं, ऊन चढायच्या आत बाहेरची कामं उरकणं, मग घरातली प्रार्थना. पहिली एक-दोन वर्षं सकाळचा मोठा वेळ पंडिताबरोबर जायचा. आलेल्या माणसाला मराठी आल्याशिवाय त्याच्या हातात काहीच नव्हतं. छापील मजकुरासाठी बाळबोध (देवनागरी) आणि हाताने लिहिलेल्या कागदांसाठी मोडी, अशा दोन लिप्यांशी गाठ. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. त्याआधी आलेल्यांनी शब्दांच्या याद्या स्वतःच करत भाषा शिकली. आणि शिकून लगेच कामाला लागले. मुंबईतल्या अमेरिकन मिशन प्रेसने मराठी छपाईला जे वळण लावलं ते आपल्याला माहीत असायला हवं. मराठी छपाईतली दोन मोठी नावं, गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी, हे दोघंही आधी त्या छापखान्यात काम केलेले. १८४२ मध्ये नगरहून मिशनचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ सुरू झालं, तेही याच कुटुंबांच्या घरच्या टेबलांवर लिहून निघायचा.

दुपारपर्यंत बंगल्याच्या व्हरांड्यात माणसं जमलेली असायची. मिशनरी कुटुंबाचं खरं काम पाहायचं असेल तर माझ्या मते चर्चपेक्षा या व्हरांड्याकडे पाहावं. कुणाला ताप, कुणाचे डोळे आलेले, कुणाचं पोर जुलाबाने मलूल झालेलं. डॉक्टर मैलोगणती नाही. मडमसाहेबांचं वैद्यकीय शिक्षण बहुधा शून्य. जवळ क्विनाईन, एरंडेल, मलम, स्वच्छ फडकी आणि एक घरगुती औषधांचं पुस्तक. त्या जखम धुवायच्या, पट्टी बांधायच्या, उद्या परत ये म्हणून बजावायच्या. त्याच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला चार मुली पाटी घेऊन बसलेल्या, आणि मधूनच कुणी माणूस सावकाराचा कागद वाचून घ्यायला आलेला. घरात स्वतःचं तान्हं मूल. या बाईला बोर्डाकडून वेगळा पगार नसायचा. तिच्या नवऱ्याची नेमणूक म्हणजे तिचीही नेमणूक, असंच धरलेलं.

मुलींच्या शाळा बहुतेक करून बायकांनीच उभ्या केल्या. मिशनची मुंबईतली पहिली मुलींची शाळा १८२४ ची. सिंथिया फरार १८२७ मध्ये आली, ती कुणाचीच बायको नव्हती. बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन बायकांपैकी ती एक. १८३९ मध्ये ती नगरला आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली, मध्ये मुलींना शिकवण्यावाचून दुसरं काही केलं नाही. तिची शाळा पाहायला जोतीराव फुले नगरला आले होते, त्यानंतर १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते तिच्याच संस्थेत. आमच्या शहरात तिचं नाव माहीत असलेली माणसं फार थोडी भेटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थंडी पडली की घरंच्या घरं दौऱ्यावर निघायची. दिवाळीनंतर रस्ते सुकले, नदी-ओढे उतरले, की बैलगाड्या भरायच्या: राहुट्या, बाजा, पुस्तकांची पेटी, औषधांची पेटी, भांडीकुंडी, आणि गाडीत गवतावर बसवलेली पोरं. गावाबाहेर एखाद्या आमराईत मुक्काम. सकाळी साहेब आणि उपदेशक वस्तीत जायचे, मडमसाहेब आणि बायबलबाई (बायकांना बायबल सांगणारी इथली ख्रिस्ती बाई) घरोघरच्या बायकांना भेटायच्या. परदेशी बाईचं पोर पाहायला अख्खं गाव लोटायचं आणि बोलण्याला सुरुवात मुलांच्या गोष्टींपासून व्हायची. बायबलबाईचं काम तर मडमेपेक्षाही अवघड, कारण ती इथलीच. जात सोडली म्हणून तिला ऐकून घ्यावं लागायचं ते परकीला कधीच लागत नव्हतं.

संध्याकाळी गाणं. नुसत्या भाषणाला लोक थांबत नाहीत हे लवकरच लक्षात आलं होतं. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली, पूर्वरंग-उत्तररंगासकट, आणि लोक तासन् तास बसू लागले. ही कल्पना इथल्या माणसाची. अमेरिकेहून आलेल्यांचं श्रेय एवढंच की त्यांनी ती अडवली नाही.

दौऱ्यावरून आठवलं, नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याचे मिशनरी सॅम्युएल फेअरबँक. १८४६ मध्ये आले. शेतकऱ्यांबरोबर राहायचं तर शेतीतलं कळलं पाहिजे म्हणून सुधारलेल्या नांगराच्या मागे लागले. शिवाय पक्ष्यांचा भारी नाद. दक्षिणेतल्या पलनी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ आहे, ते यांच्यावरूनच. उन्हाळ्यात ही मंडळी महाबळेश्वर गाठायची. बाहेरच्या माणसाला ती चैन वाटते. पण घरातली किती मुलं वैशाखात दगावली हे अहवालात वाचलं की तसं म्हणवत नाही.

मरण या घरांच्या पाचवीला पुजलेलं. मिशनचं नगरचं ठाणं डिसेंबर १८३१ मध्ये उघडलं. ते उघडणाऱ्यांतले विल्यम हर्वी वर्षभरात पटकीने गेले, आणि त्यांच्या जोडीचे मराठी सहकारी बाबाजी रघुनाथ १८३३ मध्ये त्याच रोगाने.

गॉर्डन हॉलची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. १८२५ मध्ये त्यांनी बायकोला आणि दोन आजारी मुलांना हवापालटासाठी अमेरिकेला धाडलं, आणि स्वतः कामासाठी मागे राहिले. मुलांपैकी एक वाटेतच, समुद्रावर गेला. पुढच्या वर्षी ते नाशिककडे फिरतीवर गेले तर तिथे पटकीचा कहर. जवळची औषधं वाटता वाटता संपत आली, तेव्हा ते मुंबईकडे परत फिरले. वाटेत एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर रात्रीचा मुक्काम केला. पहाटे त्यांनाच लागण झाली आणि २० मार्च १८२६ रोजी दुपारी ते गेले. सोबत मिशनमधली दोन मुलं होती. त्यांनी कशीबशी जागा मिळवून, घोंगडीत गुंडाळून त्यांना पुरलं. बायकोला हे कळायला महिने लागले असणार.

मुलांबद्दल तुम्ही विचारलंत. मला विचाराल तर या जगण्याची सगळ्यात मोठी किंमत मुलांनी मोजली. लहानपणी ती आयाबाईंच्या कडेवर वाढायची, आईबापांपेक्षा सफाईने मराठी बोलायची. नोकरांकडून मुलं शिव्या शिकतील ही काळजी पत्रांत पुन्हा पुन्हा येते. आठ-दहा वर्षांची झाली की शिक्षणासाठी अमेरिकेला, मामा-मावशीकडे किंवा मंडळीतल्या एखाद्या कुटुंबाकडे. पुढची भेट आईबाप रजेवर येतील तेव्हा, म्हणजे कित्येक वर्षांनी. काही मुलांनी आईला ओळखलंही नाही. मसुरीजवळ वुडस्टॉक १८५४ मध्ये आणि कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये निघाली, त्यानंतर निदान सुट्टीत तरी भेटी होऊ लागल्या. देवाच्या हाकेला आईबापांनी ओ दिली, हे मी मानतो. पण त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे, आणि काही आयांनी पत्रांत हे आपणहून लिहिलंय.

आता खटकणारं. बंगला, आवार, स्वयंपाकी, भिस्ती, घोडागाडी: अमेरिकेच्या मानाने हे साधं घर, पण नगरच्या मानाने वाडा. त्याच आवाराच्या कडेला राहणाऱ्या मराठी पाळकाचा (चर्चच्या धर्मगुरूचा) पगार साहेबाच्या पगारापुढे काहीच नाही, आणि निर्णय साहेबांच्या सभेत व्हायचे. याची सल मंडळीत खोल होती. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांसारखा माणूस १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसमुदाय काढतो, त्यामागे हीच सल होती असं माझं ठाम मत आहे. दुष्काळातल्या कामाबद्दलही वाद होतो, की भाकरी देऊन बाटवलं. भुकेल्याला दिलेल्या भाकरीबरोबर उपदेश आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला आपल्या पोराला शाळेत बसवायचं होतं, आणि दार उघडं होतं ते मिशनच्या शाळेचं. नुसत्या भाकरीसाठी आलेला माणूस पाऊस पडल्यावर परत गेला असता. आमची माणसं राहिली.

ही कुटुंबं इथली झाली का, असं कुणी विचारलं तर मी ह्यूम घराण्याकडे बोट दाखवतो. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये मुंबईत आले. १८५४ मध्ये तब्येत ढासळली म्हणून बायकामुलांसह परत निघाले आणि आफ्रिकेच्या टोकाजवळ जहाजावरच वारले. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा रॉबर्ट अ‍ॅलन तेव्हा सात वर्षांचा. विधवा आईने अमेरिकेत मुलं वाढवली. ज्या कामापायी बाप गेला त्याकडे मुलाने पुन्हा पाहिलंही नसतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. येलमध्ये शिकून तो १८७४ मध्ये नगरला आला, १८७८ मध्ये त्याने इथे पाळकांसाठी सेमिनरी काढली, दुष्काळातल्या कामासाठी त्याला १९०१ मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं, आणि पन्नासेक वर्षं तो इथेच राहिला. त्याची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरच्याच मिशन दवाखान्यात रुजू झाली.