एप्रिल २०२० मधलं स्पेन आणि तिथलं ब्रिटिश जोडपं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकांकिकेत एक निवृत्त ब्रिटिश जोडपं आहे, स्पेनच्या किनाऱ्यावरचं गाव, काळ एप्रिल २०२०. दोघं संध्याकाळी समुद्रावर फिरता फिरता भांडतात. हे पटेल का, आणि लॉकडाऊनमध्ये त्या लोकांचा दिवस कसा जायचा?

भांडण पटेल, समुद्र पटणार नाही. एप्रिलमध्ये वाळूवर सापडले असते तर पोलिसांनी दंड लावला असता, आणि तो ६०१ युरोंपासून सुरू व्हायचा. मी हे तेव्हा तिथे राहून पाहिलं आहे. आम्ही दोघं ब्रिटिश पासपोर्टवाले मराठी. लेस्टरमधली नोकरी संपल्यावर आलिकांते प्रांतातल्या किनाऱ्यावर फ्लॅट घेतला. आजूबाजूला निम्मे ब्रिटिश, बाकी स्पॅनिश, थोडे नॉर्वेजियन.

१४ मार्चला पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी आणीबाणीची स्थिती जाहीर केली. त्याच दिवशी ब्रिटनहून निघालेली काही विमानं अर्ध्या वाटेवरून परत फिरली. पुढच्या आठवड्यात हॉटेलंही बंद करायचा आदेश आला. पर्यटक गेले आणि राहिलो आम्ही, म्हणजे इथेच घर असलेले.

नियम असे, की घराबाहेर पडायला कारण हवं. किराणा, औषधं, बँक, दवाखाना, कुत्रा. नुसतं पाय मोकळे करणं हे कारण नव्हतं. ब्रिटनमध्ये २३ मार्चला लॉकडाऊन लागला तेव्हा तिथे दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती, त्यामुळे तिकडचे नातेवाईक फोनवर बिनधास्त सांगायचे, "रोज एक फेरी मारून या, बरं वाटेल." त्यांना इथलं समजावणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं. तुमच्या नाटकात असा एक फोन ठेवा, हमखास हशा येईल. आणि कुत्रा ठेवा. आमच्या इमारतीतल्या कुत्र्यांना त्या दोन महिन्यांत जितकं फिरवलं गेलं तितकं जन्मात कुणी फिरवलं नसेल.

गाडीतून नवरा-बायकोनं मिळून खरेदीला जायचं नाही, हा नियम बऱ्याच घरांत जाचक ठरला. कित्येक ब्रिटिश जोडप्यांत स्पेनमध्ये गाडी एकच जण चालवायचा, बहुधा नवरा. त्याला भाजीतलं काही कळत नाही आणि बायको घरून फोनवर सूचना देते आहे, असं दृश्य दर आठवड्याला दिसायचं. दुकानाच्या दारात हात निर्जंतुक करायचं जेल, हातात प्लास्टिकचे मोजे, आत मोजकीच माणसं. सुरुवातीला टॉयलेट पेपर गायब झाला. तो परत आला तोवर मैदा आणि यीस्ट संपलं, कारण सगळा देश घरी पाव भाजायला बसला होता. आमच्याकडे पोळ्यांची कणीक आधीपासून भरलेली असल्यानं आम्ही जरा तोऱ्यात होतो, हे कबूल. सामानाची पावती खिशात ठेवायची सवय सगळ्यांनाच लागली, पोलिसांनी विचारलं तर दाखवायला.

"उन्हात बिअर पीत पडले असतील" असं तुम्ही म्हटलं आहे. स्वतःचा बंगला आणि पोहण्याचा तलाव असलेल्यांचं थोडंफार तसं होतं. पण सोसायटीतले सामायिक तलाव, बागा, सगळं कुलूपबंद. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी, एवढ्यातच बहुतेकांचा वसंत गेला. त्यात त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे पाऊसही नेहमीपेक्षा जास्त झाला. तेव्हा ऊन बेतानं दाखवा.

भांडण गॅलरीत घडवा. रात्री आठला सगळे आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवायला बाहेर यायचे. ब्रिटनमध्ये हे आठवड्यातून एकदा, गुरुवारी; इथे रोज. २९ मार्चला घड्याळं एक तास पुढे गेली. तोपर्यंत आठला अंधार असायचा आणि आम्ही नुसते आवाज ऐकत होतो. त्यानंतर उजेड, आणि समोरच्या गॅलरीतले चेहरे पहिल्यांदा नीट दिसले. दहा-बारा वर्षं तिथे राहिलेल्या ब्रिटिशांनी समोरच्या स्पॅनिश बाईंचं नाव तेव्हा पहिल्यांदा विचारलं. मला हे कौतुकाचं कमी आणि लाजेचं जास्त वाटतं.

आता खरा मुद्दा. या लोकांची अडचण कोंडून राहण्याची कमी आणि कागदाची जास्त होती. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडला होता आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबरला संपणार होता. तोपर्यंत स्पेनमध्ये कायदेशीर रहिवासी झालात तर हक्क शाबूत, नाही तर १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहायची परवानगी. कित्येक जण वर्षानुवर्षं दोन्ही डगरींवर पाय ठेवून होते: घर इथे, कागदोपत्री पत्ता ब्रिटनमधल्या मुलाचा, डॉक्टर तिकडचा, गाडीची पाटीही तिकडचीच. आणि नेमक्या त्या वर्षी कार्यालयं बंद, भेटीच्या वेळा मिळेनात. ६ जुलैपासून ब्रिटिश रहिवाशांसाठी नवं ओळखपत्र सुरू झालं तेव्हा रांगा लागल्या त्या उगीच नाही. तुमच्या जोडप्याचं भांडण कशावरून आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी असते तर याच्यावरून लावलं असतं. तिला परत जायचंय, नातवंडं तिकडे. त्याला इथलं रहिवासी व्हायचंय. आणि दोघांनाही दाराबाहेर पडता येत नाही.

पैशाचंही थोडं येऊ द्या. पेन्शन पौंडात, खर्च युरोत. मार्चच्या मध्यावर पौंड १.१० युरोच्याही खाली घसरला, म्हणजे घरात बसल्या बसल्या उत्पन्न कमी. तरुण ब्रिटिशांचं याहून वाईट होतं. ज्यांनी रीतसर स्वयंरोजगाराची नोंद करून बार चालवला होता त्यांना सरकारकडून महिन्याला साधारण ६६१ युरो मिळाले. जे रोखीनं, नोंदीशिवाय काम करत होते त्यांच्या हाती भोपळा.

सरकारी राजपत्र स्पॅनिशमध्ये, आणीबाणीला मुदतवाढ दर पंधरा दिवसांनी, अशी सहा वेळा. भाषा न येणारे लोक दूतावासाच्या फेसबुक पानावर आणि व्हॉट्सॲपवरच्या अफवांवर दिवस काढत. दवाखाना फोनवर आला तेव्हा त्यांचे खरे हाल झाले, कारण समोर बसून हातवाऱ्यांनी पोट दुखतंय हे सांगता येतं, फोनवर नाही. औषधं मात्र थेट आरोग्यकार्डावर चढत, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी कुणाचं अडलं नाही.

तारखा लागतील म्हणून देते. १४ वर्षांखालच्या मुलांना २६ एप्रिलपासून दिवसातून तासभर बाहेर सोडलं. मोठ्यांना फिरायला परवानगी २ मेपासून: सकाळी ६ ते १० किंवा रात्री ८ ते ११. सत्तरीपुढच्यांसाठी १० ते १२ आणि संध्याकाळी ७ ते ८ राखीव. पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना या वेळा लागू नव्हत्या, गाव किती मोठं ते आधी ठरवून टाका. पहिली आणीबाणी २१ जूनला संपली.

शेवटी मृत्यू घालणार असाल तर जपून. ३० मार्चनंतर अंत्यविधीला कुटुंबातले जास्तीत जास्त तीन जण. ब्रिटनमधल्या मुलांनी आई-वडिलांचा निरोप मोबाइलच्या पडद्यावर घेतला, अशी घरं माझ्या ओळखीत आहेत. आणि जुलैत मुलगा भेटायला आला असं दाखवणार असाल, तर २५ जुलैच्या संध्याकाळी ब्रिटननं स्पेनहून येणाऱ्यांना १४ दिवसांचं विलगीकरण जाहीर केलं, लागू त्याच मध्यरात्रीपासून. त्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल तर तुमचा तिसरा प्रवेश आयताच तयार आहे.