‘हलकी आवृत्ती’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: गोडो या मुक्तस्रोत गेम इंजिनाची (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरची) माहिती मराठीत लिहिताना ‘लाइटवेट’ला ‘हलकी आवृत्ती’ आणि ‘फुल-फीचर्ड’ला ‘परिपूर्ण आवृत्ती’ म्हटलं, आणि दोन्ही ‘मेंटेन’ करण्याला ‘देखभाल’. त्यावर ‘हलकी म्हणजे कमअस्सल वाटते’ अशी हरकत आली. ती रास्त आहे का?

रास्त आहे, पण दोष एकट्या ‘हलकी’चा नाही. हलका आहार, हलका हात, मन हलकं होणं, यांत हा शब्द कौतुकाचाच आहे. ‘हलकी जमीन’ म्हणताना शेतकरी शिवी देत नसतो, मातीचा थर उथळ आहे एवढंच सांगतो. प्रत, दर्जा, माल असे प्रतवारीचे शब्द पुढे आले की मात्र ‘हलका’ घसरतो, आणि ‘आवृत्ती’ त्यांच्याच पंगतीत बसते. त्यात हल्ली ‘भारी’ म्हणजे झकास, मग हलकीला कोण विचारतो?

‘परिपूर्ण’ने घोळ वाढतो. एक परिपूर्ण म्हटली की दुसरी आपोआप अपुरी ठरते. ‘सर्वसुविधायुक्त’ला फ्लॅटच्या जाहिरातीचा वास येतो. साधं ‘सगळ्या सोयींचा’ पुरे.

‘सोयींचा’ असं पुल्लिंगी लिहिलं, कारण विषय रेंडररचा, म्हणजे गेमचं दृश्य पडद्यावर उमटवणाऱ्या भागाचा, आहे. गोडो ४ मध्ये नवा प्रोजेक्ट सुरू करताना फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कम्पॅटिबिलिटी यांतून एक रेंडरर निवडायचा असतो. पुढेही एडिटरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून तो बदलता येतो, फक्त एडिटर पुन्हा सुरू होतो. डाउनलोड एकच. मग याला आवृत्ती कशी म्हणायची? व्हॉल्यूमेट्रिक, म्हणजे खरोखर जाडी असलेलं, धुकं हवं असेल तर फॉरवर्ड प्लसच लागतो. पण गेम ब्राउझरमध्ये चालवायचा असेल, तर ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स मानकावर बेतलेल्या कम्पॅटिबिलिटीशिवाय इलाज नाही. तिथे ‘परिपूर्ण’ फॉरवर्ड प्लस बिचारा बाहेरच राहतो.

साधा रेंडरर टाकून चालत नाही, हा धडा गोडोवाल्यांनी आधीच गिरवला आहे. जानेवारी २०१८ च्या ३.० मध्ये जुना जीएलईएस२ रेंडरर (ओपनजीएलच्या मोबाइल रूपावरचा) काढून फक्त पुढच्या पिढीचा जीएलईएस३ ठेवला होता. जुनी यंत्रं आणि फोनांचे सदोष ग्राफिक्स ड्रायव्हर यांनी इतका त्रास दिला, की मार्च २०१९ च्या ३.१ मध्ये जीएलईएस२ नव्याने लिहून परत आणावा लागला.

‘मेंटेन’साठी ‘देखभाल’ मला अपुरी वाटते. लिफ्टची देखभाल होते, म्हणजे आहे ते चालू राहतं. इथे कम्पॅटिबिलिटीचा ग्राफिक्स कोड बराचसा वेगळा आहे. फॉरवर्ड प्लसमध्ये आलेली सोय तिथे आपोआप उतरत नाही, ती वेगळी लिहावी लागते, आणि एकीकडे सुधारलेली चूक दुसरीकडे तशीच राहू शकते. या कामाला ‘सांभाळणं’ शोभतं. दोन्ही घरं सांभाळणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा मी असं लिहीन: ‘गोडो ४ मध्ये सगळ्या सोयींचा रेंडरर आणि साध्या यंत्रांवरही चालणारा सुटसुटीत रेंडरर, दोन्ही सांभाळले जातात.’ मोबाइल या दोहोंच्या मधला, त्याचा उल्लेख जागा असेल तर करावा.

‘आवृत्ती’ हा शब्द ३.६ आणि ४ यांच्यासाठी राखून ठेवा. ४.० मार्च २०२३ मध्ये आली, तरी ३.६ सप्टेंबर २०२४ मध्ये निघाली आणि तिच्यात जीएलईएस२ शाबूत आहे. त्या दोन खरोखरच वेगळ्या आवृत्त्या आहेत.