आजीचा पाय, मोबाइलचा व्हिडिओ आणि गणित सोडायचा अर्ज

कळव्याहून अकरावी सायन्सच्या एका मुलीचं चार पानी पत्र आलं आहे. घर मूळचं भंडारा जिल्ह्यातलं, बाबा नोकरीमुळे इकडे आले. आजीच्या डाव्या पायाला वीसेक वर्षांपासून हत्तीपाय. दिवाळीच्या सुट्टीत हिनं आजीचं चालणं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलं. आता तिला 'आजीसारख्यांच्या पायांवर रिसर्च' करायचा आहे, चालण्यावरही आणि तो रोग करणाऱ्या जंतावरही. क्लासचे सर म्हणतात, 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची तर गणित सोड. विषय बदलायचा अर्ज लिहून तयार आहे. पत्राखाली बाबांनी वेगळ्या शाईत एक ओळ जोडली आहे: 'डॉक्टर झाली तर ठीक, नाहीतर बीएस्सी करून घरी बसायचं का?'

प्रिय श्र.,

तुझ्या पत्राचं दुसरं पान मी दोनदा वाचलं. तू लिहिलंस, 'हॉलपासून ओट्यापर्यंत मी सात पावलांत जाते, आजी अकरा. चांगल्या पायावर ती जास्त वेळ थांबते. सुजलेला पाय सरळ पुढे येत नाही, बाहेरून कमानीसारखा फिरून येतो.' करिअर विचारायला येणारी मुलं माझ्यासमोर मार्कशीट ठेवतात. निरीक्षण ठेवणारी फार थोडी. म्हणून आधी त्या कमानीबद्दलच बोलू या, कोर्स कुठे पळून जात नाहीत.

टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचं एक आवर्तन धरतात. निरोगी माणसाचा पाय त्यातला साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर असतो, 40 टक्के हवेत. मधे दोनदा, प्रत्येकी दहाएक टक्के वेळ, दोन्ही पाय एकदम जमिनीवर असतात. चाल मंदावली, तोल जायची भीती वाटली, की हा दोन्ही पाय टेकलेला वेळ वाढतो आणि पावलं आखूड पडतात. आजीची अकरा पावलं त्यातलीच. आणि ती कमान? हवेतला पाय पुढे येताना गुडघा वाकतो, घोटा वर उचलला जातो, म्हणून बोटं फरशीला अडकत नाहीत. सूज घट्ट झाली की घोटा वाकत नाही, वर पायाचं वजन वाढलेलं. मग शरीर आपली वाट काढतं: कंबर उचलायची आणि पाय बाहेरून फिरवून आणायचा. लकवा झालेल्या माणसाचा पायही बऱ्याचदा असाच फिरतो, कारण मात्र निराळं. तू टिपलंस ते खरं लक्षण आहे, आणि ते तुला कुणी शिकवलेलं नव्हतं.

गेट लॅबमध्ये, म्हणजे चाल मोजणाऱ्या प्रयोगशाळेत, हेच काम महागड्या साधनांनी होतं. सांध्यांवर प्रकाश परतवणारे छोटे गोळे चिकटवतात, भोवतीचे इन्फ्रारेड कॅमेरे त्यांची जागा टिपतात, जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट पावलागणिक पडणारा जोर मोजते. साध्या चालण्यातही एका पायावर शरीराच्या वजनापेक्षा थोडा जास्तच भार येतो, हे त्या प्लेटवर दिसतं. तुझ्या मोबाइलच्या साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं असतात, स्लो मोशनमध्ये बहुधा 240. म्हणजे दोन चित्रांमधलं अंतर सुमारे चार मिलिसेकंद. पाय किती वेळ टेकला एवढं मोजायला ते भरपूर झालं. पण कोन मोजायचा, गुडघ्यावर किती पीळ आला ते काढायचं, तर त्रिकोणमिती लागते, सदिश लागतात, पुढे कॅल्क्युलस.

म्हणजे तुझ्या सरांचा सल्ला मला का पटत नाही, ते कळलं असेल. सर चुकीचे नाहीत, ते नीटचे शिक्षक आहेत आणि नीटला गणित लागत नाही. त्यांचा हिशेब दोन वर्षांचा आहे, तुझा तसा नसावा.

आता थोडं कटू. तू 'एक विषय' म्हणून जे लिहिलंस ते निदान तीन वेगळे धंदे आहेत, आणि त्यांतली माणसं एकमेकांना क्वचितच भेटतात. आजीच्या पायात ते एकत्र आले म्हणून तुला एक वाटले. जंताचा माणूस लखनौ किंवा पुदुच्चेरीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे असतो, नाहीतर रात्री गावात. चालीचा माणूस संगणकापुढे. आणि पायाचा माणूस पेशंटपुढे गुडघे टेकून बसलेला असतो, हातात बँडेज. 'मला कोणता विषय आवडतो' हा प्रश्न जरा बाजूला ठेव. दुपारी तीन वाजता आपण काय करत असू, हे विचार. विषय तिघांनाही आवडतो. दुपारी तीनचं काम मात्र सगळ्यांना झेपत नाही.

जंतापासून सुरुवात करते, कारण त्याबद्दल तुझ्या पत्रात एक गैरसमज आहे. 'गोळ्या खाऊनही पाय का उतरत नाही, चांगलं औषध शोधायला हवं' असं तू म्हणतेस. हत्तीरोगाचे जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगात साठणारं जादा पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांत, राहतात, चांगली सहा-आठ वर्षं. त्यांची पिल्लं रक्तात फिरतात आणि क्युलेक्स डास ती एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. गंमत अशी की आपल्याकडे ही पिल्लं रात्रीच कातडीजवळच्या रक्तात येतात, डास चावायच्या वेळेला. म्हणूनच भंडाऱ्यात आरोग्य खात्याची माणसं रात्री जेवणं झाल्यावर बोटातून रक्त घ्यायला येतात. बाबांना विचार, त्यांनी लहानपणी पाहिलं असेल. डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या त्या पिल्लांना मारतात, म्हणजे मुख्यतः रोगाचा पुढचा प्रवास तोडतात. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात त्यांना आयव्हरमेक्टिनची जोड देऊन तीन औषधांचा डोस सुरू झाला. देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपला नागपूर होता. हे आयव्हरमेक्टिन जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून निघालं. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी 2015 चं नोबेल मिळालं. पण एकदा लसिकावाहिन्या बिघडल्या, कातडी जाड झाली, की जंत मेला तरी पाय आपोआप उतरत नाही. तिथून पुढे काम साबणपाण्याचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवण्याचं, पाय उंचावर ठेवण्याचं, बँडेजचं, घोट्याच्या व्यायामाचं. ताप भरून पाय लाल होतो ना आजीचा मधूनमधून? तो बहुतेक वेळा बेचकीतल्या भेगेतून शिरलेल्या जिवाणूंमुळे होतो.

(मी डॉक्टर नाही. तुझं करिअर सहा वर्षं थांबू शकतं, आजीचा पाय नको थांबायला. कळव्यातच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. तिथल्या ओपीडीत तिला घेऊन जा आणि पाय धुण्याची, बँडेजची पद्धत शिकवायला सांग. व्हिडिओही दाखव.)

संशोधन म्हणजे औषध शोधणं, एवढंच डोक्यात असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना नारूबद्दल विचार. महाराष्ट्रात नारू होता. पायाला फोड यायचा, त्यातून हातभर लांब जंत काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढून काढायचा, आणि ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस खाटेवर. त्याच्यावर ना लस निघाली, ना खात्रीचं औषध. पाणी कापडातून गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप, घरोघर शोध, यावर तो गेला. 1996 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. गाळायचं कापड आणि विहीर हासुद्धा संशोधनाचाच विषय होता.

जंताकडे जायचं तर वाट बीएस्सीची आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, लाइफ सायन्सेस, मग एमएस्सी. किंवा बारावीनंतर पुण्याचं आयसर, ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. त्यांच्या परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित चारही येतात, हे तुझ्या अर्जाशेजारी लिहून ठेव. पुढे लखनौची सीडीआरआय ही औषध संशोधन संस्था, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, जिथे हत्तीरोगावर जुनं काम आहे, आणि पुदुच्चेरीचं आयसीएमआरचं डासांवर काम करणारं केंद्र. त्या केंद्रात सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्रात एमएस्सी करता येते, हे आपल्याकडे फार कमी मुलांना माहीत असतं.

पेशंटपुढे बसायचं तर फिजिओथेरपी. महाराष्ट्रात बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, त्यामुळे नीटची तयारी वाया जात नाही. कोर्स आजवर इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा होता, राष्ट्रीय पातळीवरच्या नव्या अभ्यासक्रमात तो पाच वर्षांचा होतो आहे. तुझ्या प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच ठरव. नवी मुंबईत कॉलेजं आहेत. माझ्या मते तुझ्यासाठी त्यातलं बघण्यासारखं म्हणजे कामोठ्याच्या एमजीएम विद्यापीठाचं मानवी हालचालींचं शास्त्र अभ्यासणारं केंद्र. योगासनांच्या हालचाली मोजण्याचंही काम तिथे झालं आहे. ठाण्याहून पनवेल लोकल पकड, मानसरोवरला उतर. जाण्याआधी ईमेल कर, थेट जाऊन दारात उभी राहू नकोस.

तिसरी वाट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते: कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं बनवण्याची पदवी. आपल्या हाजी अलीला, महालक्ष्मी स्टेशनच्या जवळ, केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे, 1955 पासूनची. तिथे ही पदवी होते. हातानं काम करणाऱ्यांचं हे शिक्षण. प्लास्टर, प्लॅस्टिकचा पत्रा, चामडं, घासणी, आणि समोर चालून दाखवणारा माणूस. आजीच्या सुजलेल्या पायाला बाजारातली चप्पल होत नाही म्हणून ती अनवाणी फिरते, असं तू लिहिलंस. तिची चप्पल कुणी करायची? जयपूर फूट आठव. 1968 च्या सुमाराला रामचंद्र शर्मा या कारागिराचे हात आणि डॉ. पी. के. सेठी यांचं वैद्यक एकत्र आलं, तेव्हा मांडी घालता येईल, शेतात अनवाणी चालता येईल असा पाय झाला.

इंजिनीअरिंगबद्दल थोडक्यात. सीईटी देऊन बायोमेडिकल घेता येतं, पण मी मेकॅनिकलला जास्त झुकते माप देईन, पाया पक्का होतो आणि दारं उघडी राहतात. नंतर 'गेट' ही इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यायची (चालीच्या गेट लॅबशी हिचा संबंध नाही). 2020 पासून गेटला बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. पवईच्या आयआयटीत जैवअभियांत्रिकीचा विभाग आहे. आयआयटी मद्रासच्या पुनर्वसन केंद्रातून 2022 मध्ये 'कदम' नावाचा देशी कृत्रिम गुडघा बाहेर पडला, त्याची माहिती शोधून वाच. एमबीबीएस झालीस तर भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनात एमडी आहेच, फारसं कुणी घेत नाही.

एक सावधगिरी, माझ्याच चुकीतून आलेली. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या पुस्तिकेतला गेट लॅबचा चकचकीत फोटो पाहून मी तीन मुलांना तिकडे पाठवलं. वर्षभरानं स्वतः गेले तर यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण, आवरणावर धूळ, आणि चावी ज्या सरांकडे होती ते सर नोकरी सोडून गेलेले. तेव्हापासून मी मुलांना सांगते, प्रयोगशाळा दाखवा असं म्हणू नका. मागच्या महिन्यात इथे कुणाला मोजलं, ते विचारा.

तुला मी आत्ता काय सुचवेन? अकरावीत ठरवू नकोस. मे महिन्यात तीन दिवस तीन जागी घालव: एक फिजिओच्या ओपीडीत, एक कृत्रिम पायाच्या कार्यशाळेत, एक कुठल्यातरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. घड्याळात तीन वाजले की वहीत लिही, माणसं काय करताहेत. तोवर घरचा प्रयोग पुढे ने. फरशीवर खडूनं प्रत्येक मीटरला रेघ मार. मोबाइल कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, स्टुलावर ठेव, हातात नको. पाय धुण्याचा नेम सुरू होण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा मोज. सकाळी मोजलंस तर पुढच्या वेळीही सकाळीच, कारण सूज संध्याकाळी वाढते. प्रत्येक वेळी आजीला विचारून. तो व्हिडिओ मैत्रिणींच्या ग्रुपवर गेला असेल तर काढून टाक. आजी 'घे गं' म्हणाली ती तुझ्यासाठी, सगळ्या कळव्यासाठी नाही.

बाबांसाठी: तुमची काळजी रास्त आहे, नुसत्या बीएस्सीवर या क्षेत्रात फारसं काही होत नाही. पण एमएस्सीनंतर राष्ट्रीय परीक्षा देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, वर घरभाडं भत्ता. परीक्षा कठीण आहे आणि पैसे कधी कधी उशिरा येतात, हेही सांगून ठेवते. फिजिओथेरपीत सुरुवातीचे पगार कमी असतात, जम बसायला चार-पाच वर्षं धरा. घरी बसायची वेळ मात्र यातल्या कुठल्याच वाटेवर ठरलेली नाही.

आणि श्र., तो विषय बदलायचा अर्ज कॉलेजच्या ऑफिसात दिला असशील तर सोमवारीच जाऊन मागे घे. तोंडी नको, लेखी दे, आणि शिक्का मारलेली प्रत मागून घे.