निर्यातीत सरकारची मदत: माल निघण्याआधी विचारायचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी माल बोटीवर चढल्यानंतर लिहिलेली आहेत. निर्यातीतल्या सरकारी मदतीचा मोठा भाग त्या क्षणी हातातून गेलेला असतो, म्हणून आज माल निघण्याआधी विचारायचे प्रश्न असलेली पत्रं घेतली आहेत.

शिरोली एमआयडीसीत आमची लहान फाउंड्री आहे. जर्मनीतला एक खरेदीदार कास्टिंगसाठी ९० दिवसांची उधारी मागतोय. बँक म्हणते, तुमच्या कर्जावर ईसीजीसीचं (निर्यात विमा कंपनीचं) कवच आहेच. मग वेगळी पॉलिसी कशाला? (कोल्हापूर)

बँकेचं म्हणणं खरं आहे, पण ते कवच बँकेचं आहे. तुम्ही पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीचा माल तयार करायला घेतलेलं कर्ज, बुडवलंत तर बँकेचं नुकसान भरून निघावं यासाठी बँकेने ते घेतलेलं असतं. खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं. या गैरसमजापायी चांगले कारखाने अडचणीत येतात, म्हणून सविस्तर सांगतो.

ईसीजीसी ही केंद्र सरकारच्या मालकीची कंपनी १९५७ पासून निर्यातीच्या पैशांचा विमा उतरवते. खरेदीदाराचं दिवाळं निघालं, मुदत उलटूनही त्याने पैसे दिले नाहीत, किंवा त्याच्या देशात युद्ध सुरू झालं वा परकीय चलन बाहेर पाठवण्यावर बंदी आली, तर नुकसानीचा मोठा हिस्सा ती देते. हा सगळा लाभ मिळण्यासाठी पॉलिसी तुमच्या नावावर हवी. शिवाय त्या विशिष्ट खरेदीदारासाठी पतमर्यादा माल पाठवण्याआधी मंजूर करून घ्यावी लागते. त्या निमित्ताने ईसीजीसी त्याची माहिती तपासते, आणि माझ्या मते पॉलिसीचा निम्मा उपयोग इथेच होतो. मर्यादा नाकारली गेली, तर उधारी द्यायची नाही हे तुम्हाला आधीच कळतं.

आता पॉलिसीत काय बसत नाही ते पाहा. ‘कास्टिंगमध्ये ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) निघाले’ असं म्हणून खरेदीदाराने पैसे अडवले, तर तो दर्जाचा वाद ठरतो. त्याच्या देशात वाद तुमच्या बाजूने निकाली निघेपर्यंत दावा पुढे सरकत नाही. म्हणून पहिला नमुना त्याच्याकडून लेखी मंजूर करून घ्या आणि माल निघण्याआधी त्रयस्थ संस्थेचा तपासणी अहवाल घ्या. पैसे थकले की ईसीजीसीला लगेच कळवा. त्यांना न विचारता मुदतवाढ किंवा सूट दिलीत तर दावा अडचणीत येतो. सर्वसाधारण पॉलिसीत केवळ धोक्याच्या ऑर्डरींचा विमा काढता येत नाही, उधारीवर गेलेल्या सगळ्या मालाची माहिती द्यावी लागते. ते काम महिन्याच्या महिन्याला करा.

बेदाण्याचा पहिला कंटेनर दुबईला पाठवतोय. सरकार किती टक्के अनुदान देतं? त्यावरून भाव सांगायचा आहे. (तासगाव)

कृपया त्यावरून भाव सांगू नका. निर्यातदारांना प्रोत्साहन देणारी जुनी एमईआयएस योजना जागतिक व्यापार संघटनेच्या निवाड्यात भारताच्या विरोधात गेली आणि २०२० च्या अखेरीस बंद झाली. १ जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी रोडटेप आहे. हे बक्षीस नव्हे, परतावा आहे. ट्रकच्या डिझेलवरचा कर, विजेवरचं शुल्क, बाजार समितीचा सेस असे जे कर जीएसटीतून परत मिळत नाहीत, ते यात काही प्रमाणात परत येतात. तेही रोख नव्हे, तर ई-स्क्रिपच्या, म्हणजे ऑनलाइन खात्यात जमा होणाऱ्या पतपत्राच्या रूपाने. ती सीमाशुल्क भरायला वापरता येते. तुम्ही काहीच आयात करत नसाल, तर ती एखाद्या आयातदाराला थोड्या कमी किमतीत विकावी लागते. दर मालाच्या एचएस कोडनुसार (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकानुसार) ठरतात आणि बदलतात. हा लाभ हवा आहे असं शिपिंग बिलातच, म्हणजे कस्टमकडे भरायच्या निर्यातीच्या कागदातच नोंदवायचं असतं. कस्टम एजंटला ते आजच सांगा.

खरा पैसा जीएसटीत अडकतो. दर आर्थिक वर्षासाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरून ठेवलं तर आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा एकात्मिक जीएसटी) न भरता माल पाठवता येतो. ते राहिलं तर आधी कर भरा आणि मग परताव्याची वाट पाहा, अशी वेळ येते.

भारत आणि संयुक्त अरब अमिरातींचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. तुमच्या एचएस कोडवर तिथे मुळात आयातशुल्क आहे का, हे आधी पाहा. असेल आणि करारात सवलत असेल, तर डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरून सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला काढा. त्यावर लाभ खरेदीदाराला मिळतो आणि भाव ठरवताना तुम्ही तो पुढे करू शकता. मात्र मालात अफगाणी बेदाणा मिसळलेला असेल तर तो भारतीय म्हणून दाखवता येणार नाही.

हापूस अमेरिकेला पाठवायचा तर वाशीपर्यंत न्यावा लागतो. एवढी खटपट करायला लावण्यापेक्षा सरकारने पेटीमागे पैसे दिले तर? (रत्नागिरी)

तुमची दमणूक समजते, तरी मी सहमत नाही. हापूससाठी सरकारने केलेलं सर्वांत मोठं काम पैशांचं नाहीच. फळमाशी आणि कोयीतला सोंडकिडा यांच्या भीतीने अमेरिकेने आपल्या आंब्याला दार बंद ठेवलं होतं. ते २००७ मध्ये उघडलं, ते दोन सरकारांच्या वाटाघाटींमुळे. कोणताही व्यापारी, कितीही मोठा असला तरी, ते उघडू शकला नसता. अट अशी की, मान्यताप्राप्त केंद्रात किडी रोखण्यासाठी किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) विकिरण द्यायचं आणि तपासणी अमेरिकी निरीक्षकाच्या उपस्थितीत करायची. पहिल्या हंगामात हे काम लासलगावच्या केंद्रात झालं. नंतर पणन मंडळाने वाशीला सोय केली.

हे दार पुन्हा बंदही होऊ शकतं. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, आणि ती उठायला २०१५ चा जानेवारी उजाडला. २०२५ च्या मे महिन्यात तर विकिरणाच्या कागदपत्रांतल्या चुकांमुळे विमानाने गेलेल्या सुमारे १५ खेपा अमेरिकेने नाकारल्या. परत आणण्याचा खर्च परवडणारा नसल्याने तो आंबा तिथेच नष्ट करावा लागला. इतक्या कष्टाने पिकवलेल्या फळाचं असं व्हावं याचं वाईट वाटतं. मला सरकारकडून मागायचं असेल तर पेटीमागे अनुदान मागणार नाही. कोकणातच मान्यताप्राप्त केंद्र मागेन आणि कागद दोनदा तपासणारी माणसं मागेन. तोवर तुमच्या हातात एवढं आहे: हंगामाआधी अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या मँगोनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी करा, केंद्रातली वेळ आधी ठरवा आणि गाडी विमानतळाकडे निघण्यापूर्वी प्रक्रियेचे कागद व फायटो (फळ कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला) स्वतः वाचा.

परदेशातला भारतीय दूतावास ग्राहक शोधून देतो का? प्रदर्शनाचा खर्च मिळतो का? (पुणे)

दूतावासाचा वाणिज्य विभाग आयातदारांची नावं देतो आणि एखादी कंपनी खरोखर अस्तित्वात आहे का, हे पाहायला मदत करतो. थकलेली वसुली करून देणं त्याच्या हातात नसतं. पत्रात एचएस कोड, महिन्याची क्षमता आणि किंमत लिहा. ‘दर्जेदार उत्पादने’ एवढंच लिहिलेल्या पत्रावर त्यांना काही करता येत नाही.

प्रदर्शनाचा खर्च बहुतेक वेळा निर्यात प्रोत्साहन परिषदेमार्फत मिळतो. त्यासाठी तिचं सदस्यत्व लागतं आणि तिकीट काढण्याआधी मंजुरी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २५,०६० कोटी रुपयांच्या निर्यात प्रोत्साहन मिशनला मंजुरी दिली. व्याज सवलत आणि बाजारपेठ साहाय्य आता त्याच छत्राखाली आलं आहे, म्हणून जुन्या माहितीपत्रकांवर विसंबू नका.

क्रोशाच्या वस्तू परदेशातल्या ओळखीच्या लोकांना पोस्टाने पाठवते. आता ऑर्डर वाढल्या आहेत. कंटेनरवाल्यांसारखे कागद लागतील का? (मडगाव)

विक्री करत असाल तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक काढा. अर्ज ऑनलाइन, फी ५०० रुपये, क्रमांक तुमचा पॅनच. त्यानंतर दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या पोर्टलवर जाऊन माहिती कायम करायची असते, बदल काही नसला तरी. पार्सल जवळच्या डाकघर निर्यात केंद्रातून पाठवा. तिथे टपाल निर्यात बिल ऑनलाइन भरता येतं, कस्टम एजंटची गरज पडत नाही.